योगी आणि बू-बू (कार्टून जोडी)

योगी आणि बू-बू : अमेरिकन दूरचित्रवाणीवरील अस्वलांची जोडी. हॅना-बार्बेरा या संस्थेने ती निर्माण केली आणि १९५८ च्या सप्टेंबरअखेर ‘द हकलबेरी हाउंड शो’ या साप्ताहिक कार्यक्रमातून ती प्रथम पडद्यावर आली. जेलीस्टोन नावाच्या उद्यानात राहणारा, सहलीला आलेल्यांच्या खाऊच्या टोपल्या लांबवणारा थोराड योगी आणि त्याला पदोपदी सावध करणारा चिमुकला बू-बू, एवढीच या गोष्टींची सामग्री. योगीचा आवाज डॉस बटलर (१९१६–८८) यांचा आणि बू-बूचा डॉन मेसिक (१९२६–९७) यांचा. ही नोंद त्या दोन अस्वलांची आहे, पण त्याहून अधिक या दोन माणसांची आहे. कारण ही अस्वले कागदावर जेवढी घडली त्याहून जास्त गळ्यातून घडली.

हे का झाले हे समजण्यासाठी टॉम आणि जेरीकडे वळावे लागते. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या चित्रसंस्थेत १९४० पासून टॉम आणि जेरीचे लघुपट केले आणि त्यांना सात ऑस्कर मिळाली. हे मांजर आणि हा उंदीर जवळजवळ बोलतच नाहीत. टॉमची ती प्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅना यांची. बाकी सगळा अभिनय चित्रांचा : शेपटीचा पीळ, भुवईची चढउतार, धावण्यापूर्वी हवेत फिरणारे पाय. अशा सात मिनिटांसाठी हजारो चित्रे काढावी लागत आणि ती चित्रपटगृहांच्या पैशावर निघत. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला. दोघांचेही काम सुटले आणि त्याच वर्षीच्या जुलैत त्यांनी स्वतःची संस्था काढली.

आता गिऱ्हाईक होते दूरचित्रवाणी, आणि तिच्याकडे पैसा नव्हता. पाच मिनिटांच्या भागाला जेमतेम तीन हजार डॉलरच्या आसपास रक्कम मिळे. एमजीएममधल्या एका लघुपटाचा खर्च याच्या दहापटीहून अधिक असे. तेव्हा चित्रांची संख्या कापावी लागली. कशी कापली हे योगीच्या गळ्याशी दिसते. त्याच्या अंगात सदरा नाही, तरी गळ्यात पांढरी कॉलर आहे आणि टाय आहे. बू-बूच्या गळ्यात बो आहे. ही नुसती सजावट नव्हे. कॉलरच्या रेषेवर डोके आणि धड वेगळे करता येते : धडाचे एकच चित्र तसेच ठेवायचे आणि त्यावर फक्त डोके, किंवा नुसते तोंड, बदलत जायचे. जोड कॉलरखाली झाकला जातो. योगी उभा राहून मिनिटभर बोलत असेल तर त्या मिनिटात त्याचे धड बहुधा एकदाच काढलेले असते. तो चालू लागला की मागून तेच झाड, तोच दगड पुन्हा पुन्हा सरकत जातो. या पद्धतीला मर्यादित ॲनिमेशन म्हणतात. रेखाटनकार एड बेनेडिक्ट यांनी या पात्रांना दिलेला जाड रेषेचा, सपाट आकाराचा साधेपणाही याच गरजेतून आला. जुन्या पद्धतीत वाढलेल्या अनेक चित्रकारांना ही काटकसर रुचली नाही, आणि डोळ्याने पाहिले तर त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण चित्र गप्प उभे राहिले तेव्हा त्याला जिवंत ठेवण्याचे काम आवाजावर आले. टॉम आणि जेरीचे निर्माते एका वर्षात उलट्या टोकाला गेले, आणि तिथे त्यांना बटलर आणि मेसिक सापडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्याकडे कार्टूनचा आवाज म्हटले की डबिंग आठवते : चित्र तयार असते, कलावंत पडद्याकडे पाहत ओठांच्या हालचालीत शब्द बसवतो. अमेरिकन कार्टूनमध्ये क्रम उलटा असतो. आधी आवाज ध्वनिमुद्रित होतो, मग त्या मुद्रणातील प्रत्येक अक्षर किती काळ चालते हे मोजून तोंडाचे आकार काढले जातात. हॅना-बार्बेरात कलावंत एकत्र जमून, एकमेकांचे ऐकत, संहिता वाचत. त्यामुळे संवाद कोठे रेंगाळायचा, कोठे दुसऱ्याचे वाक्य तोडायचे, किती क्षण गप्प बसायचे, हे चित्रकाराच्या आधी या मंडळींनी ठरवलेले असे.

योगीचा आवाज मोठा, खुल्या तोंडाचा आणि हेलकावे घेणारा आहे. वाक्याच्या मध्यावर तो चढतो, शेवटी पसरतो, आणि साध्या शब्दात जास्तीचे अक्षर घालून तो शब्द मिरवतो. सहलीच्या टोपलीचा त्याचा उच्चार त्यामुळेच अमेरिकेत घरोघरी पोहोचला. सरासरी अस्वलापेक्षा आपण हुशार आहोत, हे तो ज्या थाटात सांगतो त्यात त्याचे सारे व्यक्तिमत्त्व येते. ‘द हनीमूनर्स’ या गाजलेल्या विनोदी मालिकेत आर्ट कार्नी यांनी रंगवलेल्या एड नॉर्टन या गटार-कामगाराचा ठसा या आवाजावर आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकांनी लगेच ओळखले. पण नक्कल तेवढ्यावर थांबली असती तर योगी तीन महिन्यांत विरून गेला असता. बटलर यांनी त्यात एक निर्धास्त, पोट भरलेल्या माणसाची खुशी ओतली, आणि ती त्यांची स्वतःची होती.

बू-बूचा आवाज याच्या नेमका उलट : बारीक, सपाट, सर्दी झालेल्या मुलासारखा नाकात अडकलेला. त्यात चढउतार जवळजवळ नाही. उद्यानाची राखण करणाऱ्या रेंजरसाहेबांना हे आवडणार नाही, एवढेच तो सांगत राहतो, आणि प्रत्येक वेळी सारख्याच काळजीने सांगतो. मेसिक यांनी येथे काही न करण्याचे धाडस केले. योगीच्या उधाणापुढे दुसरा कोणी कलावंत हमखास आवाज चढवून स्पर्धा करता. मेसिक यांनी बू-बूला जमिनीसारखा ठेवला आणि त्यामुळे योगीची प्रत्येक उडी मोजता येऊ लागली. माझ्या मते या जोडीतील अधिक अवघड काम बू-बूचे आहे. पुढे ज्या रेंजरची भीती बू-बू घालतो तो रेंजर स्मिथही मेसिक यांच्याच आवाजात बोलतो. म्हणजे एकच गळा आधी हळूच इशारा देतो, आणि गोष्ट संपता संपता गणवेश चढवून तोच इशारा खरा करायला हजर होतो. ऐकताना हे कोणाला कळतही नाही.

योगी या नावामागे एक भारतीय धागा आहे. नाव ऐकताच अमेरिकन प्रेक्षकांना न्यूयॉर्क यांकीज संघाचे बेसबॉलपटू योगी बेरा आठवत. निर्मात्यांनी हा योगायोग असल्याचे सांगितले. बेरा यांनी बदनामीचा दावा लावला आणि नंतर तो मागे घेतला. खुद्द बेरा यांचे योगी हे टोपणनाव मात्र लहानपणच्या एका मित्राने ठेवलेले. भारतावरच्या एका चित्रफितीत दिसलेला योगी आणि खेळण्याची पाळी येईपर्यंत हातपाय दुमडून बसणारा हा मुलगा त्याला सारखे वाटले. पतंजलीचा शब्द असा फिरत फिरत एका खादाड अस्वलापर्यंत गेला. २०१५ मध्ये बेरा यांचे निधन झाले तेव्हा एका मोठ्या अमेरिकन वृत्तसंस्थेने आपल्या पहिल्या बातमीत चुकून अस्वलाचेच नाव दिले होते.

चार्ल्स डॉसन बटलर यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६ रोजी ओहायोतील टोलीडो येथे झाला. ते उंचीने कमी आणि स्वभावाने फार लाजाळू होते. हा लाजाळूपणा मोडावा म्हणून त्यांनी तरुणपणी लोकांसमोर नकला करायला सुरुवात केली आणि तोच पुढे व्यवसाय झाला. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. १९४९ पासून ‘टाइम फॉर बीनी’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमात ते आणि स्टॅन फ्रीबर्ग आठवड्यातून पाच दिवस, थेट प्रक्षेपणात, हातात बाहुल्या धरून अनेक आवाज काढत. थेट प्रक्षेपणात चुकीला जागा नसते. एका पात्रातून दुसऱ्यात क्षणात शिरण्याची त्यांची सवय येथे पक्की झाली.

डोनाल्ड मेसिक यांचा जन्म ७ सप्टेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथे झाला आणि ते मेरीलँडमध्ये वाढले. त्यांची सुरुवात शब्दभ्रमकार म्हणून झाली. ओठ न हलवता बाहुलीला बोलते करणारा माणूस दोन आवाजांतील अंतर सांभाळायला आपोआप शिकतो, आणि बू-बू व रेंजर यांच्यातील अंतर तेथूनच आले असावे असे वाटते. एमजीएमच्या ड्रूपी या कुत्र्याचा मूळ आवाज बिल थॉम्पसन यांचा होता. ते उपलब्ध नसत तेव्हा मेसिक यांना बोलावले जाई, आणि दिग्दर्शक टेक्स एव्हरी यांच्याकडे त्यांचे नाव सुचवणारे बटलरच होते.

हॅना-बार्बेराची पहिली मालिका ‘रफ अँड रेडी’ (१४ डिसेंबर १९५७) हीसुद्धा या दोघांचीच : मांजर रफ मेसिक यांचे, कुत्रा रेडी बटलर यांचा. त्यानंतर संस्था जोड्यांमागून जोड्या काढत गेली. पिक्सी आणि डिक्सी या उंदरांपैकी पिक्सी मेसिक, डिक्सी बटलर, आणि त्यांच्यामागे लागणारा बोका जिंक्स हाही बटलर. क्विक ड्रॉ मॅकग्रॉ हा घोडा आणि बाबा लूई हे त्याचे गाढव, दोन्ही बटलर. ऑगी डॉगी या पिल्लाचा आवाज बटलर यांचा आणि त्याच्या बापाचा डग यंग यांचा. स्वतः हकलबेरी हाउंडही बटलरच. १९६१ च्या जानेवारीत आवाजकलावंत मेल ब्लँक यांना मोटार अपघात झाला तेव्हा ‘द फ्लिंटस्टोन्स’मधील त्यांच्या बार्नी रबलला काही भागांपुरता आवाज देण्यासाठीही बटलर यांनाच बोलावले गेले. १९६० मध्ये ‘द हकलबेरी हाउंड शो’ला एमी पुरस्कार मिळाला; ॲनिमेशनच्या मालिकेला मिळालेला हा पहिलाच एमी. लोकप्रियता वाढली तशी ३० जानेवारी १९६१ पासून योगीला स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला, आणि १९६४ मध्ये त्याचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला.

दूरचित्रवाणीवरील प्राण्यांच्या जोड्यांची परंपरा मात्र हॅना-बार्बेरापासून सुरू होत नाही. खास दूरचित्रवाणीसाठी केलेली पहिली अमेरिकन कार्टून मालिका ‘क्रुसेडर रॅबिट’ (१९५०) हीच मुळी एका जोडीची होती : धीट ससा आणि त्याचा भलाथोरला मित्र रॅग्ज हा वाघ. सशाचा आवाज लुसील ब्लिस यांचा. या मालिकेचे एक निर्माते जे वॉर्ड यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये रॉकी ही उडती खार आणि बुलविंकल हा मूस, म्हणजे मोठ्या शिंगांचे उत्तर अमेरिकी हरीण, अशी जोडी आणली. तेथेही हुशार लहान आणि भाबडा मोठा हेच नाते आहे. रॉकी जून फोरे (१९१७–२०१७) यांची. बुलविंकल बिल स्कॉट यांचा, आणि स्कॉट त्या मालिकेचे प्रमुख लेखकही होते. त्या मालिकेत शब्दांची कोटी चालते, योगीत स्वराची. विनोदाची धार पाहिली तर वॉर्ड यांची मालिका सरस आहे. पण आवाजातील मायेसाठी मी योगी-बू-बूकडे वळेन.

या कलावंतांची नावे प्रेक्षकांना क्वचितच माहीत असत. स्नॅगलपस या डोंगरी सिंहाचा बटलर यांनी दिलेला आवाज अभिनेते बर्ट लार यांच्या धाटणीचा होता. तो केलॉग्जच्या जाहिरातीत वापरला गेला तेव्हा लार यांनी हरकत घेतली आणि हा आवाज डॉस बटलर यांचा आहे असा खुलासा जाहिरातीत द्यावा लागला. ज्या माणसाने डझनावारी पात्रे बोलती केली त्याचे नाव पडद्यावर ठळक यायला तक्रार व्हावी लागली, ही गोष्ट मला आजही बोचते.

मेसिक यांचा सर्वांत परिचित आवाज १९६९ मध्ये आला : स्कूबी-डू हा भित्रा कुत्रा. मटली या कार्टून कुत्र्याचे ते दाबलेले, धापा टाकणारे खिदळणेही त्यांचेच.

भारतात ही मंडळी मुख्यतः कार्टून नेटवर्कमुळे पोहोचली. टर्नर कंपनीने १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा विकत घेतली आणि तिचा साठा या वाहिनीच्या हाती आला. १९९५ मध्ये ती भारतात दिसू लागली. हिंदी डबिंग सुरू होण्यापूर्वीच्या त्या वर्षांत केबल असलेल्या मराठी घरांतील मुलांनी बटलर आणि मेसिक यांना त्यांच्या मूळ आवाजात ऐकले. इंग्रजी शब्द सगळे कळत नसतानाही योगी काहीतरी लांबवणार आणि बू-बू नको म्हणतो आहे, हे नुसत्या स्वरावरून कळत असे.

बटलर यांनी उतारवयात बेव्हर्ली हिल्समधील आपल्या घरी आवाजाच्या अभिनयाची शिकवणी चालवली. विद्यार्थ्यांसाठी ते स्वतः संवाद लिहीत. पुढे ‘द सिम्प्सन्स’मधील बार्टचा आवाज झालेल्या नॅन्सी कार्टराइट या त्यांच्याच शिष्या; ओहायोत असतानाच त्यांनी बटलर यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क साधला होता आणि नंतर त्या शिकण्यासाठी लॉस एंजेलिसला आल्या. गूफीचा आवाज देणारे बिल फार्मर हेही त्यांच्याकडे शिकले. बटलर १८ मे १९८८ रोजी वारले. मेसिक यांनी १९९६ मध्ये पक्षाघातानंतर काम थांबवले आणि २४ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियातील सलीनस येथे त्यांचे निधन झाले. मधल्या वर्षांत योगी बोलत राहिला तो ग्रेग बर्सन यांच्या आवाजात. बर्सन बटलर यांचे शिष्य होते. १९९१ च्या ‘यो योगी!’ या मालिकेत योगी बर्सन यांचा आहे, आणि त्याच्या शेजारी उभा असलेला बू-बू मेसिक यांचाच आहे.