शीतगृहासाठी प्रशीतकाची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अन्नपदार्थांच्या शीतगृहासाठी कोणती शीतकरण यंत्रणा निवडावी, हा प्रश्न सामान्यतः अभियंत्यांचा मानला जातो. प्रकल्प अहवालात क्षमता, वीजखर्च व किंमत या तीन रकान्यांत त्याचे उत्तर मांडले जाते. परंतु या यंत्रांचा सुमारे दीडशे वर्षांचा इतिहास तपासला असता असे आढळते की, निवड करताना कार्यक्षमतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, आणखी एक प्रश्न निर्णायक ठरला : नळ्यांत खेळणारा वायू निसटला तर त्याची झळ कोणाला बसणार? प्रस्तुत लेखात याच दृष्टीने काही टप्प्यांचा विचार केला आहे.

द्रवाचे बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. त्या बाष्पावर दाब देऊन व ते थंड करून पुन्हा द्रव करता येते. जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये लंडन येथे या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट घेतले. त्यात प्रशीतक म्हणून ईथर योजिले होते. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांनीही १८५० च्या दशकात ईथरवरच बर्फ तयार केला. ईथर झटकन पेट घेते. शिवाय यंत्रातील त्याचा दाब हवेच्या दाबाहून कमी असल्याने बारीकशा फटीतूनही हवा आत शिरते आणि स्फोटक मिश्रण तयार होते. म्यूनिकचे कार्ल लिंडे यांनीही प्रारंभी मिथिल ईथरचा प्रयोग केला. मात्र १८७६ च्या सुमारास ते अमोनियाकडे वळले. अमोनिया उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो आणि त्याची अप्रकट उष्णता फार मोठी असल्याने थोड्या वायूत बरेच काम होते. तो विषारी आहे, पण त्याच्या उग्र दर्पामुळे गळती तत्काळ कळते. लिंडे यांचे पहिले ग्राहक मद्यनिर्मितीचे कारखाने होते. तेथे यंत्रघर वेगळे होते आणि कामगाराला धावत बाहेर पडण्यास मोकळे अंगण होते.

जहाजावर असे अंगण नसते. म्हणूनच मांसाच्या सागरी वाहतुकीचा इतिहास येथे विशेष उद्बोधक ठरतो. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज सुमारे पाच हजार गोठविलेली मेंढरे घेऊन न्यूझीलंडहून निघाले व मे महिन्यात लंडनला पोहोचले. त्यावरील बेल-कोलमन यंत्रात प्रशीतक म्हणून साधी हवाच होती. हवा दाबायची, समुद्राच्या पाण्याने थंड करायची, प्रसरण पावू द्यायची आणि तीच मालाच्या कोठीत सोडायची. या यंत्राला दिवसाला सुमारे तीन टन कोळसा लागे. कार्यक्षमतेच्या निकषावर ते अमोनियाच्या यंत्रापुढे टिकणारे नव्हते. तरीही ती निवड शहाणपणाची होती, असे प्रस्तुत लेखकास वाटते. नळी फुटली तरी बाहेर येणार होती ती हवाच. धोका वायूचा नव्हता, तरी प्रवास निर्धोक नव्हता. धुरांड्यातील ठिणग्यांमुळे शिडे पेटण्याची धास्ती होती. गार हवा सर्वत्र फिरत नाही हे पाहून कप्तान व्हिटसन स्वतः कोठीत शिरले व हवेसाठी भोके पाडता पाडता गारठून बेशुद्धावस्थेत गेले. त्यांना दोराने ओढून बाहेर काढावे लागले.

पुढे १८९० नंतर जहाजांवर कार्बन डायऑक्साइडची यंत्रे आली. हा वायू पेटत नाही, पण त्याचा दाब प्रचंड असतो आणि सुमारे ३१ अंशांवर तो कितीही दाबला तरी द्रवरूप होत नाही. उत्तरेकडील थंड समुद्रात अडचण नसे. तांबडा समुद्र वा हिंदी महासागर ओलांडताना मात्र यंत्राची शक्ती नेमकी गरजेच्या वेळी घटत असे. मुंबईच्या हवामानाचा अनुभव असलेल्यास हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

१९३० मध्ये थॉमस मिजली यांनी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत नवा वायू श्वासात भरून घेतला व फुंकरीने मेणबत्ती विझविली. विषारी नाही, ज्वालाग्राही नाही, हे त्यांनी एका कृतीत दाखविले. फ्रिऑन या नावाने तो घरोघरच्या शीतकपाटांत पोहोचला. मोठ्या शीतगृहांतून अमोनिया त्याने पुरता हटविला नाही, कारण अमोनिया स्वस्त होता. पुढे १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी दाखविले की, हे निरुपद्रवी वायू वातावरणात उंचावर जाऊन ओझोनचा नाश करतात. यंत्रघरातील धोका नाहीसा झाला नव्हता. तो केवळ आकाशात गेला होता. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत त्यात १९९२ मध्ये सहभागी झाला. पर्यायी वायू पृथ्वीची तापमानवाढ करतात म्हणून २०१६ मध्ये किगाली येथे त्यांवरही मर्यादा आली. भारताने २०२१ मध्ये तिला मान्यता दिली.

या घडामोडींनी अमोनियाला पुन्हा प्रतिष्ठा लाभली. ओझोनला वा हवामानाला त्याचा उपद्रव नाही. परंतु धोका आकाशातून पुन्हा जमिनीवर, कामगारापाशी आला. जून २०१३ मध्ये चीनमधील देहुई येथील कोंबडी प्रक्रिया कारखान्यात आग व अमोनियाचा स्फोट होऊन शंभराहून अधिक कामगार मरण पावले. बाहेर पडण्याची बरीचशी दारे कुलूपबंद होती. तेथे दोष केवळ प्रशीतकाला देता येणार नाही.

मालाचाही विचार करावा लागतो. गळालेल्या अमोनियाने लाल कांद्याचा रंग हिरवट-काळा पडतो, फळेही डागाळतात. यावरील जुना उपाय म्हणजे अमोनिया यंत्रघरातच ठेवून मालाच्या खोल्यांत मिठाचे गार पाणी फिरविणे. अलीकडे त्याजागी कार्बन डायऑक्साइड योजिला जातो. थंड बाजूस राहिल्याने त्याची ३१ अंशांची अडचण उरत नाही. मात्र अशा दुहेरी यंत्रणेचा खर्च लहान शीतगृहांना पेलत नाही. आपल्या देशातील अनेक जुन्या बटाटा-शीतगृहांत अमोनियाच्या नळ्या थेट मालाच्या खोल्यांतूनच जातात, आणि हंगामात मजूर त्यांखालीच पोती रचतात.