राघू, पेरू आणि नीरेचा कालवा

पाळलेला पोपट संध्याकाळी दिवेलागणीला घर डोक्यावर का घेतो? भूक लागलेली नसते, मांजर आलेलं नसतं, पेरूची फोड अर्धी तशीच पडलेली असते. तरी साहेब गजांना लटकून केकाटतात. नेटवर शोधलं तर 'लक्ष वेधून घेण्यासाठी' असं एका ओळीचं उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. जुना कोड असतो, लिहिणारा कधीच कंपनी सोडून गेलेला असतो, आणि कोड रोज ठरलेल्या वेळी आपला चालूच असतो. तो का चालतो हे कळायला मागची हिस्टरी काढावी लागते. म्हणून या शनिवारी राघूचा इतिहास, आमच्या बारामती-इंदापूरच्या बाजूने.

सुरुवात बोलण्यापासून करू. इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास इराणच्या दरबारात क्टेसियस नावाचा ग्रीक वैद्य होता. त्याने भारताबद्दल जे ऐकलं ते लिहून ठेवलं, त्यात एका पक्ष्याचं वर्णन आहे. हा पक्षी माणसासारखा भारतीय भाषा बोलतो, आणि ग्रीक शिकवली तर ग्रीकही बोलेल! क्टेसियसने इतर बऱ्याच थापा मारल्यात, पण हे मात्र खरं निघालं. आपल्याकडे तोपर्यंत, किंवा थोडं नंतर म्हणा, पोपटाला बोलायला शिकवणं ही रीतसर कला झाली होती. कामसूत्रातल्या ६४ कलांच्या यादीत पोपट-मैनेला बोलतं करणं आहे. मग 'शुकसप्तति' आली. तिच्यात नवरा परगावी असलेल्या बाईला पोपट रोज रात्री एक, अशा ७० गोष्टी सांगून घराबाहेर पडू देत नाही. चौदाव्या शतकात त्याचं फारसी 'तूतीनामा' झालं आणि अकबराने त्याची चित्रांची पोथी करवून घेतली.

पण पोपट बोलतो कशासाठी, हे या कुणीच विचारलं नाही. आपण तर 'पोपटपंची' असा शब्द करून विषयच संपवला. (आणि हल्ली कुणाची फजिती झाली तरी 'पोपट झाला'. बिचाऱ्याचा काय संबंध?) २०११ साली व्हेनेझुएलातल्या छोट्या रानपोपटांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे आईबाप घरट्यातल्या प्रत्येक पिल्लाला वेगळी हाक देतात आणि पिल्लं ती शिकतात, असं दिसलं. म्हणजे चक्क नाव! थव्यात राहायचं तर आवाज शिकावा लागतो. पिंजऱ्यातल्या पोपटाचा थवा म्हणजे आपण. आमच्या भागातून तुकोबांची पालखी जाते, बारामतीवरून इंदापूर, पुढे सराटी. तिथल्या घरात दिवसातून दहा वेळा जो शब्द कानावर पडतो तो पोपटाच्या तोंडी बसणारच. म्हणून आमचा पोपट 'विठू विठू' करतो. त्याला भक्ती कळत नसेल, पण 'तुमच्यातलाच आहे मी' एवढं तो नक्की सांगतोय.

दुसरी जुनी नोंद ज्ञानेश्वरीत आहे, म्हणजे १२९० ची. सहाव्या अध्यायात पोपट पकडायच्या नळीचा दृष्टांत येतो. शिकारी दोरीत नळी ओवून टांगायचे. पोपट येऊन बसला की त्याच्याच वजनाने नळी फिरते आणि तो उलटा होतो. खरं तर बांधलेलं काहीच नसतं, पण तो घाबरून नळी आणखी घट्ट आवळतो आणि आयता सापडतो. माउलींना सांगायचंय ते मनाबद्दल. मला मात्र वाटतं, इतकं नेमकं पोपट पाहिल्याशिवाय कुणी लिहिणार नाही. घरचा राघू बघा. त्याच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे, पक्कडच ती. घाबरला की आधी पकड घट्ट होते. चढताना तर तो चोचसुद्धा पायासारखी वापरतो. पोपटांच्या एका छोट्या जातीवर २०२२ मध्ये मोजमाप झालं, तेव्हा चोच नुसता आधार न देता पायाइतकाच जोर लावते असं निघालं. तर तुमचा राघू दिवसभर चोचीने गज धरून फिरतो तेव्हा तो 'पिंजरा तोडतोय' असं नाही. तो चालतोय.

आता गंमत बघा. पोपटाचं चित्र काढा म्हटलं की आपण काय काढतो? हिरवा पोपट, तांबडी चोच, समोर लाल मिरची नाहीतर पेरू. पण ज्ञानेश्वरांच्या काळातल्या पोपटाने यातलं काहीच खाल्लेलं नव्हतं! मिरची आणि पेरू दोन्ही मूळचे अमेरिकेतले, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात इकडे आले.  त्याआधी त्याचं पोट ज्वारी-बाजरीच्या कणसांवर आणि उंबर, वड, बोर, डाळिंब यांवर. मिरची तो इतक्या सहज खातो याचं कारण शरीरात आहे. मिरचीतल्या तिखट द्रव्याने आपल्या ज्या नसा पेटतात, त्या पक्ष्यांमध्ये पेटतच नाहीत. तिखट त्याला लागतच नाही.

आता आमच्या दोन तालुक्यांकडे. हा मूळचा कमी पावसाचा टापू. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या काळात नीरेच्या डाव्या कालव्याचं काम निघालं आणि १८८५ च्या सुमाराला पाणी फिरलं. मग ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना, १९८० मध्ये उजनी धरण. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळायला लागलं आणि इंदापूरकडे डाळिंब-पेरूच्या बागा वाढल्या. डाळिंबाला बहार तीन : आंबे, मृग आणि हस्त. तालुक्यात कुठे ना कुठे फळ असतंच. ज्या पक्ष्याला पूर्वी कणसं भरायची वाट बघावी लागायची, त्याला बारमाही मेस मिळाली :-)

शेतकऱ्याचा राग मला पूर्ण कळतो. पोपट एक पेरू खाऊन थांबत नाही. एकाला चोच मारतो, टाकतो, दुसरा घेतो. घरीसुद्धा तो हेच करतो आणि आपण त्याला 'माजलाय' म्हणतो. पण वडाच्या झाडावर हजारो फळं असताना एकेक चाखून सोडण्यात काही तोटा नव्हता. तोटा बागायतदार आल्यावर सुरू झाला. आधी गोफण होती, आता जाळी. आणि गंमत म्हणजे, ज्या घरातला माणूस बागेत पोपटावर गोफण फिरवायचा, त्याच घराच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असायचा.

माझ्या आत्याकडे असाच एक होता, २००५-०६ ची गोष्ट. गळ्याला कंठ नव्हता तरी सगळे राघूच म्हणायचे. (काळा-गुलाबी कंठ फक्त नराला, तोही दीड ते तीन वर्षांनी येतो. बरेच राघू मैना असतात, पण सांगणार कोण.) तो संध्याकाळी ओरडायला लागला की आत्या म्हणायची, "येळ कळती त्याला." तिचं बरोबरच होतं. मोकळे पोपट त्याच वेळी शेतांवरून ओळीने उडत रात्रीच्या झाडाकडे जातात. तिथे शेकडो एकत्र येतात आणि काळोख पडेपर्यंत जागेवरून भांडतात. हाका मारून मारून थवा जमवायचा असतो. पिंजऱ्यातला तेच करतो, फक्त त्याच्या हाकेला कुणी येत नाही.

बाकीच्या सवयीही याच हिशोबाने उलगडतात. लाकूड कुरतडणं हे ढोलीत घरटं करणाऱ्याचं काम. मान खालीवर करून खाल्लेलं वर काढणं म्हणजे आजार असेलच असं नाही, जोडीदाराला भरवायची ती रीत आहे, आणि जोडीदार म्हणून कधी आरसा निवडला जातो, कधी तुम्ही. झोपायच्या आधी चोचीचा बारीक करकर आवाज येतो तो निवांतपणाचा.

मुद्दा निघालाच आहे तर कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे आणि १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर आलेल्या बंदीमुळे, आपला कंठवाला पोपट विकणं-विकत घेणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. दुकानात 'लव्हबर्ड' म्हणून मिळतात ते बहुतेक ऑस्ट्रेलियाचे बजरीगार, त्यांची गोष्ट वेगळी. हे वाचून कुणी लगेच गच्चीत जाऊन पिंजऱ्याचं दार उघडू नका. पिल्लू असल्यापासून कोंडलेल्या पोपटाला पंखात ताकद नसते, ससाणा माहीत नसतो, आणि रात्रीचं झाड कुठे आहे हे दाखवणारा थवा नसतो. तो वन विभागाच्या लोकांकडे द्यावा. ते आधी त्याला मोठ्या जाळीत उडायला लावतात आणि जमलं तरच सोडतात. सगळे जमत नाहीत. आणि देईपर्यंतच्या दिवसांत लिंबाची ताजी फांदी कुरतडायला द्या, आणि दिवेलागणीला दहा मिनिटं कुणीतरी पिंजऱ्याशी बसून त्याच्या हाकेला ओ द्या.