गॅसबत्तीच्या जाळीमागचा गाळ

वरातीत, यात्रेत गॅसबत्ती पेटली की आपले लक्ष उजेडाकडे जाते, मेंटलच्या जाळीकडे जात नाही. त्या जाळीत शंभरांत नव्व्याण्णव भाग थोरियमचा ऑक्साइड आणि जेमतेम एक भाग सीरियमचा. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर याने हे प्रमाण बसविले. थोरियम निघे मोनाझाइट वाळूतून. पण त्या वाळूत थोरियमच्या कितीतरी पट सीरियम आणि त्याची भावंडे, म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, असतात. त्यांना गिऱ्हाईक नव्हते; गाळाचे ढीग साचले. १९०३ मध्ये आउअरनेच त्या गाळातील धातूंत लोखंड मिसळले आणि लायटरमधला ठिणगीचा खडा तयार झाला.

त्रावणकोरच्या किनाऱ्यावरची ही वाळू १९०९ मध्ये शोम्बर्ग नावाच्या जर्मनाने ओळखली, तीही काथ्याला चिकटून आलेल्या कणांवरून! पुढे कित्येक वर्षे वाळू परदेशी गेली. आपल्या वाट्यास उपसण्याची मजुरी. १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी निघाली, १९५२ मध्ये आलुव्याचा कारखाना. येथे पारडे फिरले. दुर्मिळ मृदा हाच माल ठरला आणि थोरियम गाळात राहिले. १९५५ पासून मुंबईजवळ तुर्भ्यास त्या गाळाचे थोरियम नायट्रेट होऊ लागले, आणि ते पुन्हा मेंटलवाल्यांकडेच गेले.

आउअरला उमरावपद मिळाले, याची नोंद आहे. कढत गंधकाच्या तेजाबात वाळू शिजविणाऱ्यांची नावे कुठल्या ग्रंथात शोधावीत? थोरियम किरणोत्सर्गी आहे. त्याची धूळ श्वासाबरोबर आत गेली की फुफ्फुसात ठाण मांडते. जेथे ते हाताळले जाते तेथे कामगारांनी पगाराच्याही आधी या धुळीच्या मोजमापाची मागणी करावी, असे माझे मत आहे.