पट्टा, पाहुणे आणि पाणी : भरतपूरच्या बदक-शिकारीचा हिशेब

भरतपूरच्या घना अभयारण्यात गेलेल्यांनी केवलादेव मंदिराजवळच्या दगडी पाट्या पाहिल्याच असतील. शिकारीची तारीख, पाहुण्याचं नाव, किती बंदुका होत्या आणि किती पक्षी पडले, एवढंच त्यांवर कोरलेलं आहे. १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या मानार्थ झालेल्या शिकारीत १७ बंदुका आणि ५४० पक्षी. १२ नोव्हेंबर १९३८ ला लॉर्ड लिनलिथगोच्या वेळी हाच आकडा ४,२७३. लोक फोटो काढतात, हळहळतात आणि पुढे जातात. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो. नोकरीची बहुतेक वर्षं सिंचनाच्या कामात गेल्यामुळे मला पाटीवर एक रकाना कमी दिसत होता, तो खर्चाचा. हे पाणी अडवलं कोणी, राखलं कोणी, आणि पैसे कोणाचे? आजचा लेख त्या रकान्याबद्दल आहे.

‘ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाने भरतपूरच्या बदकांच्या मागे का लागावं?’ असं आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी हसत हसत विचारलं. उत्तर असं, की भरतपूरशी आपलं जुनं नातं आहे. पानिपतानंतर, १७६१ साली, जे जीव वाचवून निघाले त्यांना सूरजमल जाटाच्या मुलखात अन्न-वस्त्र आणि आसरा मिळाला. पुढे १८०५ मध्ये यशवंतराव होळकर भरतपूरच्या राजासोबत उभे राहिले आणि लॉर्ड लेकचे किल्ल्यावरचे चारही हल्ले फसले. खंदकात मोती झीलचं पाणी सोडलेलं होतं, आणि इंग्रजांच्या अपयशात त्या पाण्याचा मोठा वाटा होता. इंग्रज ते विसरले नाहीत. १८२५ साली पुन्हा वेढा घातला तेव्हा काँबरमियरच्या फौजेने आधी झीलचा बांध ताब्यात घेतला, मग तोफा लावल्या. भरतपूरचा इतिहास वाचायचा तर आधी बांध आणि मोऱ्या पाहाव्यात, हे तेव्हापासून खरं आहे.

घना ही मुळात खोलगट जागा. सूरजमलच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध घातला गेला आणि पुराचं पाणी या खोलगटात साठू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी राज्याने ही जागा बदकांच्या शिकारीसाठी मुद्दाम घडवायला घेतली. मोरवीच्या राजघराण्यातले हरभामजी त्या वेळी भरतपूरचे प्रशासक होते. त्यांच्या देखरेखीखाली आतले छोटे बांध, कालवे आणि दारं झाली.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही. पृष्ठभागावर चरणाऱ्या बदकांना मान बुडवून तळ गाठता येईल इतकंच उथळ पाणी लागतं. हात-दोन हात पाणी जास्त झालं की ती दुसरीकडे जातात, कमी झालं की चिखल होतो. म्हणजे पावसाळ्यात अजान बांधातून पाणी घ्यायचं, थंडीत पातळी धरून ठेवायची, आणि उन्हाळ्यात आटू द्यायचं, म्हणजे तळ तापतो आणि पुढच्या वर्षीची वनस्पती नीट येते. आतल्या बांधांचा उपयोग दुहेरी होता. एका बाजूला पाणी अडायचं आणि माथ्यावरून पाहुण्यांची ने-आण व्हायची. शिकार एका सकाळची, पण तिची तयारी वर्षभराची.

आता थोडं बाजूला जातो, कारण तुलना केल्याशिवाय हा हिशेब कळत नाही. अमेरिकेतल्या अर्कान्सा राज्यात स्टटगार्ट नावाचं गाव आहे, भाताच्या खाचरांसाठी आणि बदकांसाठी प्रसिद्ध. कापणीनंतर खाचरांत पाणी भरलं की सांडलेल्या दाण्यावर बदकं उतरतात. तिथे शिकारीचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे पाच-सहा जणांनी मिळून शेतकऱ्याकडून हंगामासाठी जमीन पट्ट्याने घ्यायची. मग पंप चालवणं, लपण्याचे आडोसे बांधणं, वाट दुरुस्त ठेवणं यांतलं बरंच त्यांच्याकडे येतं. बदकं आली नाहीत तरी पैसे गेलेच. दुसरा रस्ता वाटाड्याचा. दिवसाचे पैसे द्या, नाव, कुत्रा, नकली बदकं सगळं त्याचं, तुम्ही फक्त बंदूक घेऊन या. ज्यांना धंद्यातल्या गिऱ्हाइकांना खूश करायचं असतं ते बहुधा हा दुसरा रस्ता धरतात, कारण पाहुण्याला चिखल दाखवायचा नसतो. शिवाय १९३४ पासून तिथे प्रौढ बदक-शिकाऱ्याला दर वर्षी सरकारी ‘डक स्टँप’ विकत घ्यावा लागतो आणि त्याचा पैसा पाणथळ जागा विकत घेण्यात आणि राखण्यात जातो. दोन्ही रस्त्यांवरच्या माणसाला पाण्याचं थोडं तरी देणं लागतं.

आपल्याकडेही हे दोन्ही रस्ते होते, बदकांपेक्षा वाघाच्या बाबतीत जास्त ठळक. मध्य प्रांतात वनखात्याने राखीव जंगलाचे ‘शूटिंग ब्लॉक’ पाडले होते. ठराविक मुदतीचा परवाना घेतला की ब्लॉक तेवढ्या दिवसांपुरता त्या टोळीचा. पट्ट्याचाच हा लहान भाऊ. स्वातंत्र्यानंतर मध्ये शिकार-कंपन्या आल्या. त्यांतली नागपूरची ॲलविन कूपर आपल्या वाचकांपैकी काहींना आठवत असेल. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी ती काढली होती. परदेशी पाहुण्याला तंबू, आचारी, मचाण, आमिषाचं रेडकू, हाकारे, सगळं तयार मिळायचं. जंगल सरकारचं, कष्ट गावकऱ्यांचे, पैसे पाहुण्याचे आणि धंदा कंपनीचा. पुढच्या दहा वर्षांनी त्या ब्लॉकमध्ये वाघ असेल का, हा प्रश्न या चौघांपैकी कोणाच्याच वहीत नव्हता.

या दोन रस्त्यांत भरतपूर कुठे बसतं? मला वाटतं, कुठेच नाही, आणि म्हणूनच ते समजून घ्यायला हवं. व्हाइसरॉय हा संस्थानाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक होता, असं म्हटलं तर कोणी रागावू नये. तोफांची सलामी, वारसाहक्क, दत्तक, सगळं त्याच्या हाती. त्याला एक सकाळ खूश ठेवायची म्हणून संस्थानाने जमीनही राखली आणि वाटाड्याचं कामही केलं. पाहुण्याला एक पै पडली नाही. खर्च दरबाराच्या खजिन्यातून, म्हणजे शेवटी शेतसाऱ्यातून. पाटीवर न कोरलेला रकाना हा असा भरायचा.

तरीही नाण्याची दुसरी बाजू लिहायलाच हवी. स्वातंत्र्यानंतर घना आटवून जमीन शेतीसाठी वाटावी अशी मागणी जोरात होती. भुकेल्या काळातली ती मागणी होती, तिला मी चूक म्हणणार नाही. सालिम अलींनी दिल्लीपर्यंत खटपट केली आणि घना वाचला. १९५६ साली ते पक्षी-अभयारण्य झालं. पण राजाचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालू राहिला आणि शेवटची मोठी शिकार १९६४ ची. मधली सोळा वर्षं म्हणजे खराखुरा पट्टा होता : मालकी एकाची, बंदुकीचा हक्क दुसऱ्याचा. संस्थानाने शिकारीसाठी ते पाणी अर्धं शतक राखलं नसतं, तर वाचवायला काही उरलं असतं का? मला शंका आहे. ४,२७३ चा आकडा वाचून येणारी शिसारी आणि ही शंका, दोन्ही मी सोबत घेऊन फिरतो.

पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला लगाम बसला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलेली दारंही बंद झाली. बंदूक गेली. मग राखणदार कोण? १९८२ साली राष्ट्रीय उद्यानात गुरं चारायला बंदी झाली. आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून जे दिसलं ते माझ्यासारख्याला चटका लावणारं होतं. म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार वाढलं आणि बदकांचं मोकळं पाणी कमी झालं. दरबारापासून पर्यटकांपर्यंत ज्यांना कोणी कधी हिशेबात धरलं नाही, ती गावं आणि त्यांच्या म्हशी एवढी वर्षं घन्याची निगा फुकट राखत होत्या! त्यांच्या नावाची पाटी तिथे नाही.

आणि शेवटी पुन्हा पाणीच. गंभीर नदीवर वर करौलीकडे पांचना धरण झालं, तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवं होतं, आणि या शतकाच्या पहिल्या दशकात घना कोरडा पडला. आता गोवर्धन नाल्यातून आणि चंबळच्या योजनेतून पाणी आणावं लागतं. करौलीच्या शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. सूरजमलच्या बांधाला वरून कोणी अडवणारं नव्हतं, इतकंच.

तेव्हा पट्टा बरा की पाहुणचार, या प्रश्नाला माझं उत्तर एका साध्या कसोटीचं आहे. शिकारीचा किंवा सहलीचा दिवस संपल्यावर मोरीचं दार कोण उघडतो, गाळ कोण काढतो, आणि त्याला त्याची मजुरी मिळते का, ते पाहावं. घन्यात आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे, रिक्षावाले वाटाडे आहेत, पाहुणे तिकीट काढतात. कसोटी तीच लागू आहे.

जाता जाता विनंती. ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, नागपूरकडच्या आपल्या जुन्या घरांत शिकारीचे परवाने, ब्लॉकच्या पावत्या, हाकाऱ्यांच्या मजुरीच्या वह्या अजून असतील. वाघाच्या कातड्याबरोबरचे फोटो सगळेच जपतात. मजुरीच्या वह्या रद्दीत जातात. सापडल्या तर फेकू नका, मंडळाला नुसत्या पाहायला द्या. आम्ही नक्कल करून परत करू.