फ्रेंच पॉलिश

स्पिरिटात विरघळविलेली चपडी लाख कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याने अनेक पातळ थरांत लाकडावर चोळून त्यास चकाकी आणण्याची पद्धत. नाव फ्रेंच असले, तरी तिचा मुख्य घटक भारतीय आहे. पळस, कुसुम, बोर इ. वृक्षांवरील कीटकांपासून लाख मिळते. १५८३ मध्ये गोव्यात आलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लाखेने रंगविलेल्या भारतीय पलंग-खुर्च्यांचे वर्णन केले आहे. इंग्लंडमध्ये स्टॉकर व पार्कर यांच्या १६८८ च्या ग्रंथात लाखेच्या रोगणाच्या कृती आढळतात. ही रोगणे कुंचल्याने लावीत. बोळ्याने चोळण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधून इंग्लंडमध्ये पोहोचली व लवकरच लोकप्रिय झाली.

या लोकप्रियतेची किंमत जुन्या सामानाला मोजावी लागली. अठराव्या शतकातील तेल वा मेण लावलेल्या अनेक वस्तूंचा पृष्ठभाग खरवडून त्यांना नवे पॉलिश देण्यात आले. वापराने व काळाने लाकडावर आलेली छटा, तसेच मूळ कारागिराच्या हत्यारांच्या खुणा त्यामुळे नाहीशा झाल्या. असा नष्ट झालेला पृष्ठभाग पुन्हा मिळविता येत नाही.

खरवडलेल्या लाकडावर रंग सारखा बसविणे हेही अवघड असते. रंध्रांत उरलेले मेण, तेल वा सरस रंग शोषू देत नाही. उलट आडव्या छेदाचा भाग अधिक रंग शोषून काळपट होतो. म्हणून पृष्ठभाग प्रथम स्वच्छ करून रेषांच्या दिशेने एकसारखा घासतात. शोषण मर्यादित राहावे यासाठी लाखेचा अतिपातळ थर देतात व सौम्य रंग टप्प्याटप्प्याने चढवितात. रंगाची परीक्षा आधी वस्तूच्या न दिसणाऱ्या भागावर घेणे इष्ट असते.

उष्णता, पाणी व मद्यार्क यांपुढे लाखेचा थर टिकत नाही. त्यामुळे १९२० नंतरच्या दशकांत कारखान्यांतून फवाऱ्याने मारावयाची नायट्रोसेल्युलोज रोगणे प्रचारात आली. मात्र मद्यार्कात पुन्हा विरघळण्याचा हा दोषच दुरुस्तीच्या दृष्टीने गुण ठरतो : झिजलेला थर न खरवडता मऊ करून पुन्हा एकजीव करता येतो. जुन्या वस्तूंचे जतन करणारे म्हणूनच शक्य तेथे मूळ थर राखून केवळ आवश्यक तेवढीच डागडुजी करतात.