दंत सिरॅमिक : कोरीव आणि मुद्रित

किडलेल्या किंवा तुटलेल्या दातावर बसवायची कॅप, ब्रिज वा इनले संगणकीय आराखड्यावरून सिरॅमिकमध्ये घडवण्याच्या दोन पद्धती. झिर्कोनिया आणि लिथियम डायसिलिकेट हे यातील प्रमुख पदार्थ होत.

कोरीव पद्धत : तयार ठोकळा यंत्राने कोरून आकार काढतात. झुरिक येथे व्हेर्नर मॉरमन व मार्को ब्रँडेस्टिनी यांनी विकसित केलेल्या सेरेक प्रणालीने १९८५ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले. झिर्कोनिया अर्धवट भाजलेल्या, खडूसारख्या मऊ अवस्थेत कोरतात. नंतर सुमारे १,५०० अंश सेल्सियसला तापपिंडन (कण न वितळवता तापवून एकजीव करणे) करताना तो प्रत्येक मितीत साधारण २० टक्के आक्रसतो. म्हणून आराखडा त्या हिशेबाने मोठा ठेवतात. ठोकळा कारखान्यातच दाबून घडवलेला असल्याने त्याची घनता एकसारखी असते. मात्र बराच माल भुकटी होऊन वाया जातो, हत्यारे झिजतात आणि हत्याराच्या टोकापेक्षा बारीक खाचा कोरता येत नाहीत.

मुद्रित पद्धत : प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये सिरॅमिकची भुकटी कालवून थरावर थर रचतात. मग रेझिन सावकाश जाळून काढतात व तापपिंडन करतात. माल कमी लागतो आणि गुंतागुंतीचे आकार साधतात. परंतु रेझिन घाईने जाळल्यास तडे जातात. थरांमधील सांधे व सूक्ष्म छिद्रे बळ घटवतात. थरांच्या दिशेनुसारही मजबुती बदलते.

तोंडातील दीर्घकालीन वापराचा पुरावा कोरीव पद्धतीबाबत अधिक आहे. त्यामुळे चावण्याचा मोठा भार पेलणाऱ्या दाढांसाठी तिला प्राधान्य देणे रुग्णाच्या हिताचे ठरते.