हरवलेल्या पेनांची साक्ष

अमेरिकेतल्या विद्यापीठांची १९३० च्या सुमाराची वर्तमानपत्रे चाळताना शेफर कंपनीचा एक दावा पुन्हा पुन्हा समोर येतो. ज्यांची पटसंख्या १,७०० किंवा त्याहून जास्त आहे अशा देशातल्या शंभर प्रमुख महाविद्यालयांत फाउंटन पेनांच्या विक्रीत शेफरचा पहिला क्रमांक आहे, असा तो दावा. त्याच्याच जोडीला बारीक टायपात आणखी एक वाक्य असते: या पाहणीची कागदपत्रे कोणालाही पाहता येतील. जुन्या जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्याला या वाक्यापाशी थांबावेच लागते. जाहिरातच जर पुराव्याची भाषा बोलत असेल, तर तिला पुराव्याचे नियम लावून पाहणे भाग आहे.

पहिली गोष्ट पटसंख्येच्या अटीची. १,७०० ची रेघ मारली की अ‍ॅमहर्स्ट आणि विल्यम्स यांच्यासारखी नामांकित पण लहान महाविद्यालये आपोआप बाहेर पडतात आणि मोठी विद्यापीठे तेवढी उरतात. दुसरी गोष्ट ‘विक्री’ या शब्दाची. ती नगांत मोजली की डॉलरांत, हे वाक्यातून कळत नाही, आणि इथे त्याने फार फरक पडतो. शेफरचे गाजलेले ‘लाइफटाइम’ पेन ८.७५ डॉलरला होते आणि साधे पेन पावणेतीन डॉलरच्या आसपास मिळत असे. म्हणजे एक लाइफटाइम विकले की तीन साध्या पेनांपेक्षा जास्त रक्कम गल्ल्यात पडे. तिसरी गोष्ट, विक्री म्हणजे वापर नव्हे. घरून वडिलांचे पेन घेऊन आलेला किंवा शाळा संपल्यावर भेट मिळालेले पेन वापरणारा विद्यार्थी या मोजणीत येत नाही.

एवढे वजा केल्यावरही दाव्यात एक भक्कम गोष्ट शिल्लक राहते. १९३० पर्यंत पेन कंपन्या विद्यार्थ्यांकडे स्वतंत्र बाजारपेठ म्हणून पाहू लागल्या होत्या, आणि त्या बाजारपेठेची मोजणी करण्यावर पैसा खर्च करत होत्या. कारण उघड आहे. अमेरिकेतल्या उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या १९२० च्या सुमारास सहा लाखांच्या आत होती, ती १९३० पर्यंत अकरा लाखांवर गेली. यांतल्या प्रत्येकाला रोज तासन्‌तास लिहावे लागे. पेन विकणाऱ्याला याहून चांगले गिऱ्हाईक कुठे मिळणार?

या इतिहासाची साधने आता हाताशी आहेत. कॉर्नेल डेली सन, डेली इलिनी, डेली प्रिन्स्टोनियन, स्टॅनफर्ड डेली, एमआयटीचे द टेक यांचे जुने अंक पानेच्या पाने छायांकित झाले आहेत. पान अखंड दिसते, हे माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे. नुसता बातम्यांचा मजकूर वेगळा काढून साठवला की जाहिराती गळतात आणि त्यांचा शेजारही गळतो. एखादी जाहिरात फुटबॉलच्या बातमीखाली होती की परीक्षेच्या वेळापत्रकाला लागून होती, हे कळले तरच तिचा रोख नीट समजतो. कापून ठेवलेल्या सुट्या कात्रणावर तर तारीखही नसते. मग पत्त्यावरून काळ काढावा लागतो. वॉटरमनच्या जाहिरातीत १७३, ब्रॉडवे असा पत्ता असेल तर ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्याच्या जागी १९१, ब्रॉडवे येऊ लागतो.

सर्वांत जुन्या जाहिराती वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. सुंदर अक्षर, थोर विचार यांचा त्यांत फारसा उल्लेख नाही. विषय असतो तो शाई सांडण्याचा. लुईस वॉटरमनला १८८४ मध्ये पेटंट मिळाले आणि शाईचा प्रवाह बऱ्यापैकी ताब्यात आला. तरी पेन भरायचे म्हणजे निबेकडचा भाग फिरवून काढायचा, ड्रॉपरने नळीत शाई सोडायची, आणि पुन्हा बसवताना बोटे माखून घ्यायची. आपल्याकडे शाळेत ड्रॉपरने पेन भरलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. बॉस्टनचे मूर पेन याच दुखण्यावर बोट ठेवून विकले जाई. त्याची निब नळीच्या आत ओढून घेता येई आणि वरून टोपण घट्ट बसे. पेन खिशात आडवे ठेवा की उलटे, ते गळणार नाही, हे त्याचे आश्वासन. बॉस्टन-केंब्रिज परिसरातल्या विद्यार्थ्यांसमोर हे आश्वासन वर्षानुवर्षे येत राहिले.

ओहायोतल्या टोलिडोच्या कॉन्क्लिन कंपनीने थेट ड्रॉपरवरच हल्ला चढवला. तिच्या पेनाच्या अंगावर धातूची एक चंद्रकोर असे. तिच्याखालचे कडे थोडे फिरवायचे, निब कोणत्याही दौतीत बुडवायची आणि अंगठ्याने कोर दाबायची. आतली रबरी पिशवी चपटी होई, आणि अंगठा उचलला की फुगताना शाई ओढून घेई. कडे परत फिरवले की काम संपले. जाहिरातीत या कृतीचे चित्र असे. किंमत ३, ४ आणि ५ डॉलर. विद्यार्थ्याला वर्ग सुरू व्हायच्या आत दोन मिनिटांत पेन भरता येईल, आणि तेही हात न बरबटता, हा त्यातला सगळा मुद्दा. १९०३ मध्ये मार्क ट्वेनने या पेनाला शिफारसपत्र दिले आणि कंपनीने ते पुढे भरपूर वापरले. त्याला आवडलेली एक गोष्ट वेगळीच होती. चंद्रकोरीमुळे पेन मेजावरून गडगडत खाली पडत नाही, म्हणून शिव्या वाचतात, असे त्याचे म्हणणे होते.

इथे एक घटना सांगायलाच हवी, जरी ती विद्यार्थ्यांच्या पत्रातली नसली. आयोवातल्या फोर्ट मॅडिसन गावचा जवाहिऱ्या वॉल्टर शेफर याला अंगावर खटका बसवलेल्या पेनाची कल्पना १९०७ मध्ये सुचली, ती कॉन्क्लिनची वर्तमानपत्रातली जाहिरात पाहताना, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. पिशवी दाबायला बाहेर आलेली कोर कशाला हवी, पेनाच्या अंगातच बसणारी आडवी पट्टी का नको? १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळाले आणि १९१३ मध्ये कंपनी उभी राहिली. जाहिरातीने गिऱ्हाईक मिळवून दिल्याचे दाखले शोधावे लागतात. जाहिरातीने प्रतिस्पर्धी जन्माला घातल्याचा हा दाखला मात्र स्पष्ट आहे.

पार्करची सुरुवात तर विद्यार्थ्यांतच झाली. विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलला तारायंत्राच्या शाळेत शिकवणारा जॉर्ज पार्कर वरकमाईसाठी आपल्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेने विकत असे. ती गळत, अडत. विद्यार्थी तक्रार घेऊन त्याच्याकडेच येत आणि तो दुरुस्त्या करत बसे. त्यातून १८८८ मध्ये त्याची कंपनी निघाली आणि १८९४ मध्ये ‘लकी कर्व्ह’चे पेटंट मिळाले. पेन खिशात उभे असते तेव्हा निबेखालच्या मार्गात थोडी शाई अडकून राहते. अंगाच्या उबेने नळीतली हवा फुगली की ती शाई टोपणात ढकलली जाते, आणि टोपण काढणाऱ्याची बोटे काळी होतात. पार्करने निबेखालच्या, शाई पुढे आणणाऱ्या तुकड्याचे मागचे टोक वाकवून नळीच्या भिंतीला टेकवले. अडकलेली शाई त्या टोकावरून भिंतीला धरून खाली उतरे. पार्करच्या जाहिराती हे विज्ञान बरेच सविस्तर समजावून सांगत, आणि मला हे त्यांच्या बाजूने महत्त्वाचे वाटते. वाचणारा विद्यार्थी आहे, त्याला कारण दिले तर कळेल, एवढा विश्वास त्यांत दिसतो.

१९२१ नंतर सूर बदलतो. पार्करचे ‘ड्युओफोल्ड’ आले, किंमत ७ डॉलर, रंग भडक लाल, दोन्ही टोके काळी. तोवर फाउंटन पेन म्हणजे काळ्या कडक रबराची नळी. जाहिराती या पेनाची तुलना स्कार्लेट टॅनेजर या लाल अंगाच्या, काळ्या पंखांच्या अमेरिकी पक्ष्याशी करू लागल्या. निबेला २५ वर्षांची हमी. मुलींसाठी ५ डॉलरचे ‘लेडी ड्युओफोल्ड’ निघाले. त्याला वर कडी असे, म्हणजे फितीत ओवून गळ्यात घालता येई, कारण त्यांच्या कपड्यांना पेन खोचण्याजोगा खिसा नसे. शेफरनेही १९२४ मध्ये रबर सोडून हिरव्या प्लास्टिकचे पेन आणले आणि टोपणावर पांढरा ठिपका बसवला. पेन आता लांबूनही ओळखू यायला हवे होते. लाल रंगाबद्दल जाहिरातीने आणखी एक कारण दिले: असे पेन सहजी हरवत नाही. हे कारण लक्षात ठेवावे.

तिसाच्या दशकातल्या अंकांत संपादकांच्या नावांच्या चौकटीत एक ठरावीक मजकूर दिसू लागतो. राष्ट्रीय जाहिरातींसाठी या पत्राची प्रतिनिधी नॅशनल अ‍ॅडव्हर्टायझिंग सर्व्हिस, पत्ता ४२०, मॅडिसन अ‍ॅव्हेन्यू, न्यूयॉर्क. ही चौकट वाचली की एक कोडे सुटते. पूर्वेला कॉर्नेलच्या इथाकात आणि पश्चिमेला स्टॅनफर्डच्या पालो आल्टोत एकाच हंगामात अक्षरशः तीच जाहिरात कशी येते? एकच संस्था शेकडो विद्यार्थी-पत्रांची जागा कंपन्यांना विकत होती आणि तयार मजकूर सगळीकडे जात होता. म्हणून अशा जाहिरातीवरून एखाद्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची आवडनिवड काढणे चूक ठरेल. त्या गावाचे त्या जाहिरातीत काही असलेच, तर तळाशी छापलेले दुकानदाराचे नाव: कुठे विद्यार्थ्यांचे सहकारी भांडार, कुठे जवाहिऱ्या, कुठे औषधांचे दुकान.

याच काळात पार्करचे ‘व्हॅक्युमॅटिक’ आले, १९३३ मध्ये. त्यामागची कल्पना विस्कॉन्सिन विद्यापीठाशी संबंधित आर्थर डालबर्गची होती, आणि विद्यार्थ्यांपुढच्या जाहिरातींत त्या विद्यापीठाचा उल्लेख आवर्जून होई. यात रबरी पिशवी नव्हती. मागचे बटण काही वेळा दाबले की पडद्याच्या पंपाने शाई नळीत चढे. नळीवर मोतिया आणि पारदर्शक कडी एकाआड एक, त्यामुळे किती शाई उरली ते बाहेरून दिसे. जुन्या पद्धतीच्या पेनापेक्षा १०२ टक्के जास्त शाई, असा आकडा जाहिराती देत. पण आकड्यापेक्षा त्यांचा भर भीतीवर होता. परीक्षेत किंवा वर्गात ऐन वेळी पेन कोरडे पडते, विचारांची साखळी तुटते, गुण जातात, हे वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगितलेले आढळते. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या जाहिरातीत विद्यार्थ्याची बोटे आणि कपडे धोक्यात होते. आता त्याचा निकाल धोक्यात आला. मंदीच्या वर्षांत साडेसात डॉलरचे पेन खपवायचे, तर तेवढ्याच वजनाचे कारण लागणार होते, असे मला वाटते.

मग आली आजन्म हमी. पार्करने १९३९ मध्ये क्लिपवर निळा हिरा छापला. हिरा असलेल्या पेनाला मालक हयात असेपर्यंत हमी, दुरुस्तीला पाठवताना टपाल, विमा व हाताळणीचे फक्त ३५ सेंट. या ३५ सेंटांवर केंद्र सरकारच्या फेडरल ट्रेड कमिशनने बोट ठेवले आणि प्रकरण सातव्या विभागाच्या अपील न्यायालयापर्यंत गेले. निकाल १९४६ चा आहे. हमी ठळक अक्षरांत आणि आकार बारीक अक्षरांत, याने वाचणाऱ्याची दिशाभूल होते का, हा वादाचा गाभा. आपल्या कामासाठी या निकालाचे मोल असे की जाहिरातीचा मजकूर कसा वाचला जाई, यावर त्या काळातल्याच लोकांनी गंभीरपणे घातलेला वाद त्यात जपला गेला आहे.

माझे लक्ष मात्र हमीतल्या दुसऱ्या अटीकडे जाते. हमी सगळ्याला होती, दोन गोष्टी सोडून: जाणूनबुजून केलेली मोडतोड आणि हरवणे. आता त्याच वर्तमानपत्राचे शेवटचे पान उघडावे. छोट्या जाहिरातींत ‘हरवले’ या मथळ्याखाली चष्मे, घड्याळे, वह्या, पाकिटे आणि फाउंटन पेने. वर्षामागून वर्षे, एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात, ही यादी फारशी बदलत नाही. कंपनीने ज्या एका अपघाताची जबाबदारी घेतली नाही, तोच विद्यार्थ्याच्या वाट्याला सर्वांत जास्त येत होता. लाल ड्युओफोल्डही हरवत होते.

साधन म्हणून या दोन-तीन ओळींच्या सूचना मला मोठ्या जाहिरातींपेक्षा जास्त विश्वासाच्या वाटतात. त्या न्यूयॉर्कहून आलेल्या नाहीत. ज्याचे पेन गेले त्याने स्वतः पैसे भरून त्या छापल्या. कंपनीचे नाव, रंग, नळीवर कोरलेले नाव, ग्रंथालय की व्याख्यानाची खोली की व्यायामशाळा, आणि आणून देणाऱ्याला बक्षीस, एवढेच त्यांत असते. पण पेन खरोखर कोणाच्या हातात होते, ते कुठे कुठे नेले जाई आणि मालकाला ते किती मोलाचे होते, हे तिन्ही त्यांतून कळते. जाहिरातीतून यातले एकही कळत नाही. ठिकाणेही बोलकी आहेत. व्यायामशाळेत हरवलेले पेन सांगते की ते खिशाला लावून दिवसभर बरोबर बाळगले जाई, खोलीतल्या मेजावर राहत नसे.

या साधनाचाही एक कल आहे, आणि तो धरूनच वाचायला हवे. सूचना छापायला पैसे पडत आणि वर बक्षीस द्यावे लागे. सात-आठ डॉलरच्या पेनासाठी तो खर्च परवडे, दोन-अडीच डॉलरच्या पेनासाठी पुष्कळांना परवडत नसणार. म्हणून ‘हरवले’ या मथळ्याखाली पार्कर, शेफर, वॉटरमन जास्त दिसतात, आणि स्वस्त पेनांचा माग काढायला पुन्हा आतल्या पानांवर, गावातल्या दुकानदाराच्या सप्टेंबरमधल्या जाहिरातीकडे यावे लागते. तिथे नवे सत्र सुरू होताना वह्या, शाईच्या दौती आणि एक-दीड डॉलरची बिननावाची पेने एकाच चौकटीत मांडलेली असतात.